कच्च्या पावडरींपासून घरी फिल्म डेव्हलपर : डी-२३, डी-७६ आणि मुंबईची दमट हवा

लालबल्ब (दादर)

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुणारे मुंबईत आता बरेच झालेत, पण डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं, पाकीट संपलं की सगळ्यांचं घोडं तिथंच अडतं. पाकीट येतं बाहेरून, कधी मिळतं कधी नाही, आणि मिळालं तरी ते कुठल्या गोदामात किती उन्हाळे पडून होतं ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून हा धागा. त्या पाकिटात जे असतं ते सगळं आपल्याच शहरात सुटं मिळतं, आणि ते मिसळायला केमिस्ट्रीची डिग्री लागत नाही. लागतो एक बारीक काटा, एक थर्मामीटर, आणि हातातली पावडर कुठल्या अवस्थेत आहे ते ओळखायची सवय. ही सवय सगळ्यात महत्त्वाची, कारण फॉर्म्युले सगळीकडे लिहिलेले आहेत, पण ते ज्या हवेत लिहिले गेले ती हवा आपली नव्हे.

सुरुवात डी-२३ या फॉर्म्युल्यानेच करा असं माझं ठाम मत आहे. दोनच पावडरी:

मेटॉल ७.५ ग्रॅम
सोडियम सल्फाइट (अ‍ॅनहायड्रस) १०० ग्रॅम
पाणी घालून एकूण १ लिटर

बस. (अ‍ॅनहायड्रस म्हणजे स्फटिकात पाणी न धरलेलं, कोरडं.) मेटॉल हा खरा डेव्हलपर, म्हणजे प्रकाश लागलेल्या कणांचं चांदीत रूपांतर करणारा. सल्फाइट एकटं तीन कामं करतं : मेटॉलला हवेपासून वाचवतं, पाणी थोडं अल्कली करतं म्हणजे मेटॉल कामाला लागतं, आणि १०० ग्रॅम इतक्या प्रमाणात असलं की चांदीचे कण कडेकडेने किंचित विरघळवतं त्यामुळे ग्रेन, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, मऊ दिसतो. वेगळी अल्कली घालायची गरजच नाही म्हणून चुका व्हायच्या जागाही कमी.

कृती : ७५० मिली पाणी ५० डिग्रीच्या आसपास गरम करायचं, आधी त्यात चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट थोडं थोडं ढवळत घालायचं, शेवटी गार पाणी घालून लिटर पुरं करायचं. हा क्रम मोडायचा नाही. सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल विरघळत नाही, पांढरा गाळ धरून बसतं, मग कितीही ढवळा.

डी-७६ करायचा असेल तर मेटॉल २, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २, सगळं ग्रॅममध्ये, लिटरला. याच क्रमाने घालायचं. कोडॅकचा हा फॉर्म्युला १९२० च्या दशकातला, सिनेमाच्या निगेटिव्हसाठी काढलेला, आणि आजही जगभरातल्या फिल्मच्या तक्त्यांमध्ये त्याची वेळ छापलेली असते. इलफर्डचा आयडी-११ म्हणजे जवळपास हेच. म्हणून ज्यांना तयार तक्ते वापरायचेत त्यांना डी-७६ सोयीचा.

प्रश्न विचारा, मला येतं ते सांगतो, बाकी इथे जाणकार आहेतच.


नवी_रीळ

दादा खूप छान लिहिलंयस, हेच हवं होतं. मी कॉलेजला आहे, बोरीबंदरला उतरून बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले मेटॉल वगैरे आता कोणी ठेवत नाही. मग हे घ्यायचं कुठे? आणि दुकानात काय नाव सांगायचं? आणि एक, काटा साधा किचनचा चालेल का जो एक ग्रॅमपर्यंत दाखवतो?


लालबल्ब (दादर)

कॅमेऱ्याच्या दुकानात नको विचारूस, प्रिन्सेस स्ट्रीटला जा, म्हणजे शामलदास गांधी मार्ग, मरीन लाइन्सला उतरून चालत. तिथे लॅबचं सामान आणि केमिकल विकणारी दुकानं ओळीनं आहेत. मशीद बंदरजवळ वडगादीला पण केमिकलचा बाजार आहे पण तिथे माल पोत्याने जातो, आपल्याला परवडत नाही आणि ग्रेडही इंडस्ट्रियल असतो. आपल्याला एलआर (लॅबोरेटरी) ग्रेड पुरे, त्याहून वरचा, जास्त शुद्ध एआर (अ‍ॅनालिटिकल) घेऊन पैसे घालवू नकोस.

मेटॉल मागताना लेबलवर पॅरा-मेथिलअमिनोफिनॉल सल्फेट असं लांबलचक नाव असेल तर दचकू नकोस, तेच ते. हायड्रोक्विनोनला बरेच दुकानदार क्विनॉल म्हणतात. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. सल्फाइट मात्र स्पष्ट सांग, कागदावर लिहून ने : सोडियम सल्फाइट अ‍ॅनहायड्रस. सल्फेट नको, बायसल्फाइट नको, मेटाबायसल्फाइट नको. काउंटरवरच्या माणसाला दिवसभरात शंभर नावं ऐकायची असतात, एका अक्षराचा फरक सहज निसटतो, तेव्हा पैसे देण्याआधी लेबल स्वतः वाच.

किचनचा काटा सल्फाइटला चालेल, मेटॉलला नाही. डी-७६ मध्ये मेटॉल दोनच ग्रॅम आहे, तिथे अर्धा ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे पाव हिस्सा चुकला. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घे, फार महाग नसतो.


गिरगावचा_स्टुडिओ

धागा वाचून फार बरं वाटलं. मी सत्तरच्या दशकात गिरगावात स्टुडिओत काम केलंय, तेव्हा पाकीट हा प्रकार आम्हाला ठाऊकच नव्हता असं म्हटलं तरी चालेल. मेटॉल, क्विनॉल, सल्फाइट, सोडा, ब्रोमाइड, सगळं कच्चं यायचं, आणि सकाळी पहिलं काम म्हणजे काचेच्या बरण्यांत सोल्युशन भरून ठेवणं. फिल्मला बोरॅक्सवालं, पेपरला सोड्यावालं. पेपरचं प्रमाण अजून तोंडपाठ आहे, मेटॉल ३, सल्फाइट ४५, क्विनॉल १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २, लिटरला. हा डी-७२. वापरताना एकास दोन पाणी. तेव्हा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म आणि पेपर यायचे, त्यावर हेच चालायचं आणि छान चालायचं.

मुंबईत हे काम नवं नाहीच. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे डॉक्टर आणि पट्टीचे फोटोग्राफर. त्या वेळी काचेवर कोलोडियन ओतून ओल्या प्लेटवर फोटो काढायचे आणि हिराकशीच्या पाण्याने डेव्हलप करायचे. म्हणजे प्रत्येकाला स्वतःच मिसळावं लागायचं, दुसरा पर्यायच नाही. आणि लालबल्ब तुम्ही दादरचे म्हणून सांगतो, तुमच्याच दादरमध्ये फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, फिल्म डेव्हलप करायच्या, शिवाय घरात पोरंबाळं आणि युनिटच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. त्या बाईंचं नाव डेव्हलपरच्या प्रत्येक धाग्यात पहिल्यांदा घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक सांगणं, आम्ही हात घालून काम केलं, तुम्ही घालू नका. मेटॉलने माझ्या एका सहकाऱ्याच्या बोटांना कायमचा एक्झिमा झाला, पुढे नुसत्या वासानेही खाज सुटायची. नायट्राइलचे मोजे घाला.


प्रयोगवही

काका, मेटॉलबद्दल अगदी बरोबर. मी शाळेत केमिस्ट्री शिकवते आणि घरी फिल्म धुते, तेव्हा दोन्ही बाजूंनी थोडं लिहिते. लालबल्बने पावडरीची अवस्था म्हटलंय त्यावर जरा सविस्तर, कारण मुंबईत ९० टक्के घोळ इथेच होतो असं मी मानते.

पहिला भाग, पाण्याचा. बऱ्याच क्षारांच्या स्फटिकात पाणी धरलेलं असतं आणि त्याचं वजनही आपण मोजतो. सल्फाइट अ‍ॅनहायड्रस १ ग्रॅम म्हणजे स्फटिकी हेप्टाहायड्रेट बरोब्बर २ ग्रॅम, रेणुभार १२६ आणि २५२. तेव्हा हेप्टाहायड्रेट मिळालं तर फेकू नका, दुप्पट घ्या. धुण्याच्या सोड्याचं जास्त त्रासदायक : अ‍ॅनहायड्रस १०६, मोनोहायड्रेट १२४, स्फटिकी डेकाहायड्रेट २८६. म्हणजे खडेवाला सोडा घेतलात तर अ‍ॅनहायड्रसच्या २.७ पट लागतो. आणि हे खडे कोरड्या हवेत पाणी सोडून पांढरे पडतात, म्हणजे पुडीत नेमकं किती पाणी आहे ते कोणीच सांगू शकत नाही. त्यापेक्षा रंगाच्या दुकानात कपडे रंगवायला सोडा अ‍ॅश मिळतो तो घ्या. तोही नाही मिळाला तर खाण्याचा सोडा जुन्या लोखंडी कढईत मध्यम आचेवर ढवळत भाजा, आधी वाफ आणि वायू निघून पावडर उकळल्यासारखी हलते, मग शांत होते. ८४ ग्रॅमचे साधारण ५३ ग्रॅम उरले की झाला धुण्याचा सोडा. खात्री करायची तर हळदीच्या पाण्यात चिमूट टाका, खाण्याच्या सोड्याने जेमतेम नारिंगी छटा येते, धुण्याच्या सोड्याने एकदम कुंकवासारखं लाल.

दुसरा भाग, सल्फाइटचा. सल्फाइट हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू सल्फेट होतं, आणि दमट हवेत हे काम फार भराभर होतं. दिसायला पावडर तशीच पांढरी. वजन केलंत १०० ग्रॅम, त्यात खरं सल्फाइट ६० ग्रॅमच असेल तर डेव्हलपर मंद पडतो, निगेटिव्ह पातळ येते, स्टॉक (मिसळून ठेवलेलं मूळ सोल्युशन) लवकर तपकिरी होतो, आणि आपण दोष देतो फॉर्म्युल्याला. जून ते सप्टेंबर उघडं पाकीट ठेवलं तर हे होणारच.

तपासायची युक्ती सांगते. मेडिकलमधून ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीनचं सोल्युशन आणा (साबणवालं स्क्रब नको). १ ग्रॅम सल्फाइट १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, लगेच त्यातलं १० मिली छोट्या काचेच्या पेल्यात घ्या, आणि सिरिंजने आयोडीन थेंब थेंब सोडा. प्रत्येक थेंब पडला की तपकिरी रंग पसरतो आणि पेला हलवला की नाहीसा होतो, पाणी परत स्वच्छ. ज्या थेंबाला रंग जायचा थांबेल, फिकट पिवळसर राहील, तिथे थांबा. चांगलं अ‍ॅनहायड्रस सल्फाइट असेल तर साधारण ४ मिली आयोडीन लागतं. २ मिलीतच रंग टिकला तर अर्धं सल्फाइट गेलेलं आहे, किंवा तुम्हाला हेप्टाहायड्रेट दिलंय. पहिल्याच थेंबाला रंग टिकला तर ती बाटली सल्फेटची आहे. पेल्याखाली पांढरा कागद ठेवा म्हणजे नीट दिसतं.

मेटाबायसल्फाइट पण रंग घालवतं, तेव्हा ते ओळखायला लिटमस. सल्फाइटचं पाणी अल्कली, मेटाबायसल्फाइटचं आम्ल. शिवाय मेटाबायसल्फाइटची बाटली उघडली की नाकात चर्रकन जाणारा गंधकाचा वास येतो, सल्फाइटला असा वास नसतो. मुद्दाम हुंगू नका, दम्याच्या लोकांना तो फार वाईट.


मुलुंडकर_३५

प्रयोगवही ताई, हे आयोडीनचं लय भारी आहे!! आजच करून बघतो. माझ्याकडे दीड वर्षापूर्वीची अर्धा किलोची बाटली आहे, झाकण नीट असतं पण पावसाळ्यात बऱ्याचदा उघडली गेलीये.

मी कॅफेनॉल वापरतो बऱ्याच दिवसांपासून, इन्स्टंट कॉफीवालं. अमेरिकेत रॉचेस्टरच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९९५ ला वर्गातल्या प्रयोगातून ते निघालं आणि मग जगभर पसरलं. प्रमाण लिटरला : धुण्याचा सोडा अ‍ॅनहायड्रस ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० डिग्रीला १५ मिनिटं. आधी सोडा पूर्ण विरघळू द्यायचा मग व्हिटॅमिन सी मग कॉफी, शेवटी फेस बसेपर्यंत पाच मिनिटं थांबायचं. कॉफी स्वस्तातली चालते पण चिकोरी मिसळलेली घेऊ नका, आपल्याकडे बऱ्याच डब्यांत ३०-४० टक्के चिकोरी असते, लेबलवर बघा. वास घरभर होतो एवढं खरं, आमच्याकडे आई त्या दिवशी गॅलरीत जाऊन बसते. ४०० स्पीडच्या फिल्मला फॉग (सगळ्या फिल्मवर करडी झाक) जास्त येतो तेव्हा लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालायचं.

पॅरासिटामॉलवालं कोणी केलंय का? रॉडिनलसारखं म्हणतात ते?


प्रयोगवही

केलंय आणि चांगलं होतं. रॉडिनल १८९१ सालचं, आजही विकलं जातं, त्यातला कामाचा घटक पॅरा-अमिनोफिनॉल. पॅरासिटामॉल म्हणजे त्यालाच एक शेपूट जोडलेलं, कॉस्टिक सोडा ती शेपूट तोडतो. ५०० मिलीग्रॅमच्या साध्या ३० गोळ्या (म्हणजे १५ ग्रॅम) कुटून, ५० ग्रॅम सल्फाइट, २० ग्रॅम कॉस्टिक सोडा, एकूण २५० मिली, आणि तीन दिवस काचेच्या बाटलीत झाकून ठेवायचं. तळाशी गोळ्यांचा चोथा बसतो तो हलवू नका. १ भागाला ५० भाग पाणी. गोळी साधी हवी, कॅफिन किंवा आयबुप्रोफेन मिसळलेली नको.

पण हे नवी_रीळसारख्या नवख्या मुलांनी पहिल्यांदा करू नये असं मी स्पष्ट म्हणते. कॉस्टिक सोडा पाण्यात घातला की पाणी स्वतःहून तापतं, जवळजवळ उकळतं. नेहमी गार पाण्यात थोडा थोडा सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको, त्यातून हायड्रोजन निघतो. चष्मा, मोजे, आणि घरात लहान मूल असेल तर तो दिवस सोडून द्या.

आणि सगळ्यांनाच : डेव्हलपरची भांडी वेगळी ठेवा, परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीत स्टॉक ठेवणार असाल तर जुनं लेबल पूर्ण काढून मोठ्या अक्षरात विष असं लिहा, आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. डी-२३ पाण्यासारखा दिसतो.


नवी_रीळ

ताई बरं झालं सांगितलंत, मी डी-२३ च करणार. पण माझा मोठा प्रॉब्लेम टेम्परेचरचा आहे. सगळीकडे २० डिग्री लिहिलंय, आमच्या नळाचं पाणी मे महिन्यात ३१ होतं आणि एसी नाहीये. आणि पाणी कुठलं वापरायचं, बिल्डिंगमध्ये टँकर पण येतो.


लालबल्ब (दादर)

पाण्याचं आधी. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा वगैरे तलावांचं, मऊ असतं, त्यावर डेव्हलपर छान होतो. बोअरिंग आणि टँकरचं मात्र जड, सल्फाइटशी कॅल्शियमची पांढरी साय येते आणि ती फिल्मवर बसते. तुमच्याकडे दोन्ही टाकीत एकत्र होत असेल तर स्टॉक करायला आणि शेवटच्या धुण्याला डिस्टिल्ड घे, मधलं धुणं नळाच्या पाण्याने चालेल. एसीच्या नळीतून गळणारं पाणी डिस्टिल्ड म्हणून काहीजण वापरतात, ते मला पटत नाही, आत तांब्याच्या नळ्या, धूळ, बुरशी सगळं असतं.

टेम्परेचर. २० डिग्रीच्या मागे लागूच नकोस, मुंबईत ती लढाई हरायचीच आहे. डेव्हलपर बर्फाच्या बादलीत गार करून २० ला आणलास तरी फिल्म धुवायची छोटी टाकी हातात धरून उलटसुलट करताना तो वर चढतच राहतो, म्हणजे शेवटी कुठल्या टेम्परेचरला डेव्हलप झालं तेच कळत नाही. २४ पक्कं धर. बादलीत पाणी, त्यात बर्फाच्या पिशव्या, बादलीचं पाणी २४ ला आलं की पिशव्या काढायच्या आणि टाकी, डेव्हलपर, फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं सोल्युशन), धुण्याचं पाणी सगळं त्याच बादलीत ठेवायचं. दर डिग्रीला साधारण १० टक्के वेळ कमी होतो. उदाहरण, इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ एकास एक पाणी घालून २० डिग्रीला १३ मिनिटं, तर २४ ला साधारण ९. पाच मिनिटांच्या खाली वेळ आला तर करू नकोस, डाग पडतात, त्यापेक्षा डेव्हलपर जास्त पातळ कर म्हणजे वेळ वाढतो. डी-२३ एकास तीन हे उन्हाळ्यातलं माझं आवडतं. मात्र एका रोलला स्टॉक १५० मिलीपेक्षा कमी घेत नाही मी.


गिरगावचा_स्टुडिओ

आम्ही माठात पाणी ठेवायचो. हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत छान गार मिळतं, पण पावसाळ्यात हवाच ओली, बाष्पीभवन होत नाही, माठ नुसता नावाला. तेव्हा बर्फच. त्या काळच्या फिल्मचं जिलेटिन फार नाजूक, गरम पाण्यात फुगून सुटायचं, म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे आणि तुरटीचं पाणी असायचं. आताच्या फिल्म बऱ्याच कडक केलेल्या असतात तेवढी चिंता नाही, पण डेव्हलपर २४ आणि धुण्याचं पाणी ३१ असं मात्र करू नका.


अंधारी_खोली_ठाणे

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. पाकीट हे शेवटी फॅक्टरीत तपासून आलेलं असतं. दर बॅच सारखी. घरी मिसळताना काटा चुकला, पावडर जुनी, पाणी जड, तर निगेटिव्ह गेली आणि ती परत काढता येत नाही. माझ्या चुलतभावाच्या लग्नाचे रोल मी असल्या प्रयोगावर लावणार नाही. शिवाय अर्धा किलो मेटॉल घेऊन करायचं काय, ते संपायच्या आत खराब होईल.


लालबल्ब (दादर)

राग कसला, रास्त मुद्दा आहे. पण बघा, पाकीट फॅक्टरीतून निघालं तेव्हा चांगलं होतं, आपल्या हातात आलं तेव्हा कसं होतं ते तपासायला आपल्याकडे काहीच मार्ग नाही, एक लिटरचं किंवा जास्तीचं सगळं एकदम मिसळावं लागतं. कच्ची पावडर मी तपासू शकतो, वर ताईंनी सांगितलंय तसं. मेटॉल पांढरं किंवा किंचित पिवळसर असेल तर ठीक, राखाडी तपकिरी झालं तर गेलं. आणि मला हवा तेवढाच, २५० मिली, आजच्या आज ताजा करता येतो. ताजेपणा ही मुंबईत फार मोठी गोष्ट आहे, ३२ डिग्रीच्या खोलीत महिनोन्महिने ठेवलेला स्टॉक मी विश्वासाने वापरणार नाही, मग तो कुणाचाही असो.

मेटॉलचे छोटे पॅक मिळतात, १०० ग्रॅमचे, त्यात डी-२३ चे १३ लिटर होतात. तीन-चारजण मिळून घ्या, सल्फाइटचं अर्ध्या किलोचं वाटून घ्या. घरी आणलं की लगेच छोट्या बरण्यांत भरा, बरणी गळ्यापर्यंत भरलेली, झाकणावरून चिकटपट्टी, आणि सिलिका जेलच्या पुड्यांसकट मोठ्या डब्यात. एक बरणी उघडी असेल तेव्हा बाकीच्या बंद.

आणि लग्नाचे रोल कुठल्याही डेव्हलपरमध्ये टाकण्याआधी पाकीट असो वा घरचं, फिल्मचं पुढचं टोक कापून उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवायचं. दोन-तीन मिनिटांत गडद काळं व्हायला हवं. फिकट राहिलं तर थांबायचं. दोन सेंटीमीटर फिल्म जाते, रोल वाचतो.


मुलुंडकर_३५

रिपोर्ट : माझ्या दीड वर्षाच्या सल्फाइटला २.५ मिलीलाच रंग टिकला. दोनदा केलं, तेच. आणि मी हल्ली डी-७६ ला निगेटिव्ह पातळ येते म्हणून वेळ वाढवत बसलो होतो. ताई दंडवत तुम्हाला. आता उरलेली पावडर टाकायची का?


प्रयोगवही

टाकायची नाही, फिक्सरमध्ये वापरा, तिथे एवढं काटेकोर लागत नाही. डी-७६ साठी नवीन आणा.

डी-७६ वरून आठवलं. ताजा केल्यावर पहिले काही आठवडे ठीक, मग ठेवून ठेवून त्याचा पीएच हळूहळू वर जातो, हायड्रोक्विनोन आणि सल्फाइट यांच्या प्रक्रियेत थोडी अल्कली तयार होते म्हणून. परिणामी तोच स्टॉक महिन्याभराने जास्त जोरात चालतो, कॉन्ट्रास्ट चढतो. यावर कोडॅकचाच उपाय आहे, डी-७६डी : बोरॅक्स २ ऐवजी ८ ग्रॅम आणि त्यासोबत बोरिक अ‍ॅसिड ८ ग्रॅम, बाकी सगळं तेच. पीएच जागेवर राहतो. बोरिक अ‍ॅसिड म्हणजे बोरिक पावडर, कॅरमच्या बोर्डावर टाकतो तीच, पण कॅरमसाठी विकतात त्यात इतर पावडर मिसळलेली असू शकते तेव्हा केमिकलच्या दुकानातूनच घ्या. मी साधा डी-७६ करणं सोडूनच दिलंय, ज्यांना स्टॉक ठेवायचा आहे त्यांनी हाच करावा.


नवी_रीळ

दोन बाथवालं डेव्हलपिंग उन्हाळ्यात सोपं पडतं असं वाचलं, ते काय असतं?


गिरगावचा_स्टुडिओ

सोपंच आहे बाळ. पहिल्या बाटलीत मेटॉल ५ आणि सल्फाइट १००, लिटरला. दुसऱ्या बाटलीत नुसता बोरॅक्स १०, लिटरला. फिल्म आधी कोरडीच पहिल्यात चार मिनिटं, दर मिनिटाला हलवायची, मग ओतून काढायचं, मध्ये धुवायचं नाही, लगेच दुसऱ्यात चार मिनिटं, तिथे अगदी कमी हलवायचं. फिल्मच्या जिलेटिनने पहिल्या बाटलीतलं जेवढं मेटॉल शोषलं तेवढंच दुसऱ्यात कामाला येतं. जिथे उजेड जास्त पडलाय, पांढरा सदरा, आकाश, तिथलं मेटॉल पटकन संपतं आणि काम थांबतं, सावलीत चालू राहतं. म्हणून भर दुपारी मरीन ड्राइव्हवर काढलेले फोटो सुद्धा प्रिंट करता येतील असे येतात. ऊन आणि सावली दोन्ही सांभाळणारी आपल्या हवेसाठी याच्याइतकी चांगली पद्धत दुसरी नाही.

फक्त एक ध्यानात ठेव, पहिल्या बाटलीतही डेव्हलपिंग होतंच, सल्फाइट असल्यामुळे. म्हणजे टेम्परेचर अजिबात बघायचं नाही असं नव्हे. दोन-तीन डिग्रीचा फरक पचतो, दहाचा नाही. पहिली बाटली परत परत वापरता येते, दुसरी स्वस्त आहे, दर वेळी ताजी कर.


अंधारी_खोली_ठाणे

ही दोन बाथची पद्धत करून बघणार. काका वेळ सगळ्या फिल्मला चार-चारच?


गिरगावचा_स्टुडिओ

सुरुवात चारने करा. कॉन्ट्रास्ट जास्त वाटला तर पहिल्यातली वेळ कमी करा, दुसऱ्यातली नाही.


नवी_रीळ

आणि फिक्सर पण घरी होतो का? तो तर पाकिटापेक्षाही महाग पडतोय मला.


लालबल्ब (दादर)

होतो, आणि सगळ्यात स्वस्त तोच. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, खडेवालं २५० ग्रॅम आणि सल्फाइट २० ग्रॅम, लिटरला. प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला माशांच्या दुकानात क्लोरीन मारायला विकतात ते खडे म्हणजेच हायपो. पाणी चांगलं गरम घे कारण खडे विरघळताना पाणी भराभर गार होतं, हात लावलास तर बाटली फ्रिजमधून काढल्यासारखी लागेल. मग वापरायच्या वेळी परत २४ वर आण.

यात व्हिनेगर घालू नकोस, सल्फाइट कमी पडलं तर गंधक सुटून दूध होतं. डेव्हलपरनंतर फिल्म साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुऊन मग फिक्सर. किती वेळ ठेवायची ते फिल्मच सांगते : डेव्हलप न केलेल्या फिल्मचा तुकडा फिक्सरमध्ये टाक, दुधी रंग जाऊन आरपार व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट. टी-ग्रेनवाल्या (चपट्या कणांच्या) फिल्मना तिप्पट दे. ताज्या फिक्सरमध्ये लागला त्याच्या दुप्पट वेळ नुसतं आरपार व्हायलाच लागायला लागला की तो फिक्सर संपला.

संपलेला फिक्सर मोरीत ओतू नका कोणी, त्यात चांदी विरघळलेली असते आणि ती नाल्यातून खाडीत जाते. कॅनमध्ये साठवा, त्यात भांडी घासायचा स्टील वूल टाकून आठवडाभर ठेवलं की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. तो गाळ मी वाळवून साठवतोय, इतरांकडेही असेल तर सांगा, पुरेसा झाला की एकत्र करून चांदी गाळणाऱ्याकडे देता येईल.


मुलुंडकर_३५

माझ्याकडे दोन कॅन आहेत. आणि रविवारी प्रिन्सेस स्ट्रीटची दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी जातोय, मेटॉल १०० ग्रॅम आणि सल्फाइट अर्धा किलो घेतो. कोणाला वाटा हवा असेल तर शुक्रवारपर्यंत इथेच लिहा, सेंट्रलच्या कुठल्याही स्टेशनवर देतो. लेबल वाचून आणि घरी आयोडीनने तपासूनच वाटप करणार.


नवी_रीळ

मला डी-२३ च्या दोन लिटरपुरतं दोन्ही हवं! दादर स्टेशनला येते.